उतराईची कालवड

पहिला दिवस, मंगळवार : आदिस अबाबावरून किगाली

34 वर्षं सांगली जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून हिंडलो, आणि निवृत्तीनंतर पहिला परदेशप्रवास घडला तोही गाईंच्याच पायी. पुतणी रवांडात, किगालीला, एका कंपनीचे हिशेब बघते. "काका, इथं गरिबाला गाय देतात आणि त्याची उतराई शेजाऱ्याला गाय देऊन करायची असते. तुम्ही बघायलाच हवं," असं दोन वर्षं तिचं चाललं होतं. आमच्या हिनं मुंबईच्या विमानतळावरच वाटणी करून टाकली : गोठे तुम्ही हिंडा, मी पोरीला चार दिवस घरचं करून घालते.

आदिस अबाबाला विमान बदलायचं होतं, मध्ये पाच तास. शेजारच्या खुर्चीवरचा गृहस्थ दक्षिण इथिओपियातल्या बोराना मुलखातला, आणि योगायोग असा की तोही जनावरांचाच डॉक्टर. असे दोघं भेटले की हवापाण्याच्या गप्पा होत नाहीत, थेट गोचिडांवर गाडी येते. गोचिडांवरून दुष्काळावर आलो. त्यानं सांगितलं, बोराना लोकांत दुष्काळानं किंवा लुटीत कुणाचा कळप गेला तर त्याच्या कुळातली माणसं बसतात, जनावरं कशानं गेली याची आधी चौकशी होते, आणि मग ज्याची जशी ऐपत तशी गाय प्रत्येक जण काढून देतो. याला 'बुसा गोनोफा' म्हणतात. नायजरमधल्या फुलानी लोकांची 'हब्बानाए' निराळी : गाय उसनी द्यायची, काही वेतं झाली की मूळ गाय परत, वासरं पाळणाऱ्याला. आणि बोत्स्वानात 'माफिसा' : मोठ्या कळपवाल्यानं जनावरं गरिबाकडं सांभाळायला ठेवायची. दूध त्यानं प्यावं, नांगराला जुंपावीत, पण मालकी कळपवाल्याचीच.

मी म्हटलं, यात काय मोठं, आमच्याकडंही वाट्यानं गाय देतात. आटपाडीला माझ्या वडिलांनी शेजारच्या वस्तीवर दिली होती. सांभाळायची त्यांनी, वासरं निम्मी-निम्मी.

तो म्हणाला, "यात तुमच्या वडिलांचं काय गेलं?"

विमानात बसल्यावरही हिशेब करत होतो. वैरण त्यांची, राखण त्यांची, रात्री-अपरात्री गाय अडली तर धावपळ त्यांची. आमचं काहीच गेलं नव्हतं.

किगालीला उतरल्यावर पहिली अडचण शेंगदाण्याच्या चटणीनं केली. हिनं ती तीन कॅरीबॅगांत गुंडाळलेली, आणि रवांडात 2008 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी. तिथल्या मुलीनं हसत हसत तिन्ही पिशव्या सोडवून घेतल्या, चटणी तेवढी परत दिली. ती शेवटी माझ्या मफलरीतून घरी आली. मफलरीला अजून लसणाचा वास आहे.

संध्याकाळी पुतणी 'मिल्क बार'ला घेऊन गेली. नाव ऐकून मला वाटलं आइस्क्रीमचं दुकान असेल. तर खरोखरच दुधाचा गुत्ता! काउंटरवर स्टीलची टाकी, मोठाले मग, आणि बाकांवर टाय लावलेले साहेब, हेल्मेट मांडीवर घेतलेले मोटारसायकल-टॅक्सीवाले, कॉलेजची पोरं. ऊन ऊन दूध हवं तर 'इन्शुशु', आंबवलेलं हवं तर 'इकिवुगुतो'. मी दोन्ही घेतली. इकिवुगुतो म्हणजे दही म्हणावं तर पातळ, ताक म्हणावं तर घट्ट. पाणी न घालता नुसतं घुसळलेलं दही प्यायल्यासारखं. सोबत जी पोळी आली तिला तिथंही चपातीच म्हणतात. पूर्व आफ्रिकेत गेलेल्या हिंदी मजुरां-व्यापाऱ्यांबरोबर ती गेली आणि स्वाहिलीच्या पाठीवर बसून इथवर पोचली. मैद्याची, तेलकट आणि फर्मास.

पुतणीनं तिथं दोन शब्द शिकवले. जुनी माणसं भेटली की म्हणतात 'अमाश्यो', म्हणजे तुमच्याकडं गुरांचे कळप असोत. त्याचं उत्तर 'अमाशोंगोरे', तेही गाईंचंच. आणि कुणाचं भलं चिंतायचं असलं तर 'गिरिंका' : तुला गाय असो. सरकारी योजनेचं नावही तेच. आपल्याकडं योजनेला नाव द्यायचं म्हटलं की आधी पुढारी आठवतो.

दुसरा दिवस, बुधवार : बुगेसेरा

ड्रायव्हर तिशीतला. मला 'मुझेहे' म्हणतो, आपल्या 'आबा', 'तात्या'सारखं. किगालीतून दक्षिणेला निघालं की न्याबारोंगो नदी लागते, गढूळ पाणी आणि काठाला पपायरसची दलदल. पलीकडं बुगेसेरा. हजार टेकड्यांच्या या देशातला हा त्यातल्या त्यात सपाट आणि कोरडा भाग, आटपाडीच्या माणसाला लगेच ओळखीचा वाटणारा. एके काळी इथं त्सेत्से माशी होती. ती चावली की जनावर ताप येऊन खंगत जातं. आपल्याकडच्या सर्रा रोगाची भावकीच ती. 1959 नंतरच्या दंगलींत घरंदारं सोडावी लागलेल्या तुत्सी जमातीच्या लोकांना आणून टाकलं ते याच मुलखात.

वाटेत न्यामाताचं चर्च आहे, तिथं गेलो. बाकांवर कपडे आहेत, 1994 च्या एप्रिलमध्ये तिथं मारल्या गेलेल्या माणसांचे. तिथलं याहून जास्त लिहिणार नाही. बाहेर आल्यावर बराच वेळ ड्रायव्हर गप्प होता, मग म्हणाला, "गाई पण मारल्या. खाल्ल्या. माणूस परत येणार नाही हे धरूनच चालले होते." हुतू जमातीच्या अतिरेक्यांनी तुत्सींना वेचून मारलं त्या शंभर दिवसांत देशातल्या गुरांचा फार मोठा हिस्सा गेला.

गिरिंका योजना आली 2006 मध्ये, राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांच्या पुढाकारानं. खेड्यातली पोरं कुपोषित, शेतं खताविना दमलेली, गोठे रिकामे. 2017 पर्यंत साडेतीन लाख गरीब कुटुंबांना एकेक गाय, असं उद्दिष्ट ठेवलं होतं, आणि आकडा तीन लाखांच्या पुढं गेला. गाय कुणाला द्यायची हे गावच्या सभेत ठरतं. घरात आधी गाय नसावी, थोडीफार जमीन असावी, त्यात हत्ती गवत लावलेलं असावं आणि गोठा आधी बांधलेला असावा. आधी गोठा, मग गाय! आमच्या काळात गाय आधी यायची आणि गोठ्याचं अनुदान ती विकल्यावर. सगळ्यात महत्त्वाची अट शेवटची : गाय व्यायली आणि कालवड झाली की ती पहिली कालवड यादीतल्या पुढच्या घराला द्यायची.

दुपारी र्वेरूला पोचलो. र्वेरू तळ्यातल्या माझाने आणि शारिता या बेटांवरच्या कुटुंबांना उठवून इथं नमुन्याचं गाव वसवलंय, एकसारखी घरं, सरळ रस्ते. 24 जुलै 2018 ला आपले पंतप्रधान नरेंद्र मोदी इथं आले होते आणि त्यांनी गिरिंकासाठी 200 गाई दिल्या. आपल्याकडं ती बातमी अशी पोचली की जणू विमानं भरून गीर गाई गेल्या. आटपाडीच्या एका बागाईतदारानं तर 'गीरच का, खिल्लार का नाही दिली' म्हणून माझ्याशी तासभर भांडण काढलं होतं. गाई रवांडातच विकत घेऊन रवांडातल्याच लोकांना दिल्या होत्या. आणि तेच शहाणपणाचं. इथले रोग, इथली गोचीड, इथलं गवत बाहेरच्या जनावराला सोसवलं पाहिजे ना.

गोठे स्वच्छ, जनावरं बऱ्या अंगाची. पण नमुन्याच्या गावावरून मत बनवू नये हे मी नोकरीत शिकलोय. 1988 ला लागलो तेव्हा कर्ज आणि सबसिडीवर म्हैस द्यायच्या योजनेचा जोर होता. एकच म्हैस तीन गावांत तीन लाभार्थ्यांच्या दावणीला फोटोपुरती उभी राहिलेली मी पाहिलीय. तिघांचे फोटो शेजारी ठेवले तर कपाळावरचा चांद तोच. म्हैस मेली म्हणून विम्याच्या पैशासाठी बिल्ल्यासकट कान कागदात बांधून आणायचे आणि माझ्या टेबलावर ठेवायचे. कान ताजा असायचा. म्हैस शुक्रवारच्या बाजारात एका कानानं उभी असायची.

परतताना ड्रायव्हरला हे सांगितलं. तो पोट धरून हसला आणि मग म्हणाला, इथंही झालं असलं. गावातल्या पुढाऱ्यांनी यादीत आपली माणसं घुसवली, गरिबाकडून पैसे काढले, गाई आपल्याच गोठ्यात बांधल्या. बोभाटा झाल्यावर कित्येकांकडून गाई काढून घेऊन पुन्हा खऱ्या गरिबांना दिल्या. "कान मात्र कुणी कापला नाही," तो म्हणाला.

तिसरा दिवस, गुरुवार : न्यांझा

न्यांझा ही जुनी राजधानी, किगालीपासून दोन-अडीच तासांवर. राजाचा गवती वाडा तिथं पुन्हा उभा केलाय, टोपलीसारखा घुमट, आत शिरताना मान लववावीच लागते. मागं दोन झोपड्या : एक दुधाची, एक बिअरची. दुधाच्या झोपडीचा कारभार लग्न न झालेल्या मुलीकडं असायचा. तिथं लाकडात कोरलेलं धारेचं भांडं ठेवलंय, 'इच्यांसी', वर विणलेलं टोकदार झाकण. हातात घेतलं आणि आजीचा शब्द आठवला, कासंडी. माझ्या मुलाला हा शब्द सांगितला तर तो गूगल करेल.

पण न्यांझाला जायचं ते इन्यांबो बघायला. राजाच्या गाई. अंकोले जातीच्या, गडद तांबूस अंगाच्या, आणि शिंगं अशी की पहिल्यांदा बघून मला त्यांच्या मानेची काळजी वाटली. दोन हात वर करून कुणी आभाळ पेलावं तशी. राखणारा पोरगा काठी न उगारता पुढं चालत होता आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होता. गाय त्याच्या मागं. तो थांबला की थांबते, तो वळला की वळते, गाणं संपलं की त्याच्या खांद्याशी मुंडी आणते. आम्ही खिल्लाराला वर्षातून एकदा बेंदराला रंगवतो, ओवाळतो आणि दुसऱ्या दिवशी पराणी लावतो. इथं गाईंवर कवनं रचायची परंपरा आहे. एकेका गाईला योद्ध्यासारखी बिरुदं, आणि लग्नात नवरीच्या बापाला गाय देताना ती अजून म्हणतात. बायका नाचतात तेव्हा हात वर करून शिंगंच दाखवतात, हे पुतणीनं आधी सांगितलं नसतं तर माझ्या ध्यानात आलं नसतं. डॉक्टर म्हणून विचाराल तर इन्यांबोचं दूध थोडकं. गरिबाच्या दावणीला ही गाय परवडायची नाही, म्हणून गिरिंकात बहुतेक फ्रिजियन किंवा जर्सीचा संकर असतो.

वाडा दाखवणारी मुलगी इतिहासाची पक्की होती. 17 व्या शतकातल्या मिबांब्वे गिसानुरा राजाची गोष्ट तिनं सांगितली : ज्या घरात गाय नाही त्या घरातल्या पोरालाही दूध मिळालं पाहिजे, असा त्याचा हुकूम होता म्हणे. गिरिंकाचं मूळ तिथपर्यंत नेतात. शेजाऱ्याच्या पोराला दूध द्यायची चाल मात्र आजही आहे, तिला 'गुकामिरा' म्हणतात.

मी मुद्दाम दुसरी बाजू विचारली, 'उबुहाके'. ती जराशी थांबली, मग तीही नीट सांगितली. जुन्या रवांडात गाय म्हणजे सत्ता. गाईवाला दुसऱ्याला गाय वापरायला द्यायचा. दूध घे, गोऱ्हे घे, पण त्या बदल्यात माझी चाकरी कर, माझं शेत कसून दे, माझ्या बाजूनं उभा राहा. मर्जी फिरली की गाय परत, आणि तिच्याबरोबर संरक्षणही. मुतारा तिसरा रुदाहिग्वा या राजानं 1954 मध्ये ही पद्धत मोडली. पण तोवर गाय कुणाकडं आणि चाकरी कुणाकडं यावरून माणसांची जात ठरून गेली होती, गाईवाला तो तुत्सी, चाकरीवाला तो हुतू, आणि त्याचं पुढं काय झालं ते आदल्या दिवशी न्यामाताला पाहिलं होतं.

तिनं एक शब्द सांगितला तो मी वहीत दोनदा लिहिला : 'क्विटुरा'. गाय मिळालेल्यानं पुढं कधीतरी देणाऱ्याला एक कालवड नेऊन द्यायची, त्या फेडीला क्विटुरा म्हणायचं. मराठीत नेमकं उतराई होणं. गिरिंकानं शब्द तोच ठेवला, कालवडही तीच ठेवली, फक्त तिची दिशा फिरवली. पूर्वी उतराईची कालवड वर, देणाऱ्याच्या वाड्यावर जायची. आता ती बाजूला, आपल्याइतक्याच गरिबाच्या गोठ्यात जाते. देणाऱ्याला तिच्यावरून चाकरी मागता येत नाही, कारण त्याची गाय दुसऱ्याच कुणाकडून आलेली असते.

सगळ्यात वरचा देणारा मात्र हलत नाही हेही खरं. गाय मिळालेला माणूस सभेत आभार मानतो ते राष्ट्राध्यक्षांचे. मी हे परतीच्या वाटेवर बोलून दाखवलं. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

चौथा दिवस, शुक्रवार : ड्रायव्हरच्या मावशीचं गाव

रुहांगोच्या अलीकडं डांबरी सोडून तांबड्या मातीच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये घेवडा, आणि टेकडीच्या अंगावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं. पडीक असा तुकडा दिसत नाही. महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शापेक्षाही लहान देश, आणि 2022 च्या जनगणनेत 1 कोटी 32 लाख माणसं; एका चौरस किलोमीटरमध्ये पाचशे. चरायला रान कुठून आणणार? म्हणून गाय गोठ्यातच बांधून सांभाळायची. तिच्या वाटचं चरणं माणसांच्या डोक्यावरून येतं. वाटेत दर फर्लांगाला हत्ती गवताचा भारा चालताना दिसतो, खाली दोन पाय.

मावशी पन्नाशीची, कमरेला रंगीत कापड गुंडाळलेलं. उजवा हात पुढं करून डावा हात त्याच्या कोपराला लावला, ही इथली अदबीची रीत. मी 'अमाश्यो' म्हटलं. ती आधी चमकली, मग मोठ्यानं 'अमाशोंगोरे' म्हणून भाच्याकडं बघून हसली.

मला वाटलं गाय दाखवायला नेईल. नेलं आधी उकिरड्याकडं. गोठ्यातलं शेणमूत उतारानं खड्ड्यात, वर केळीची पानं झाकलेली. तिनं पानं सरकवली, मूठभर खत काढलं, माझ्या नाकापुढं धरलं. काळंभोर, कुजलेलं, वास मातीचा. मग घेवड्याचे दोन वाफे दाखवले, एक खताचा, एक बिनखताचा. काही बोलली नाही. गुडघ्यापर्यंतचे वेल आणि कंबरेपर्यंतचे वेल. बोलायची गरजच नव्हती. दुधाचे सगळेच गोडवे गातात, पण एकरभरही जमीन नसलेल्याला गाय परवडते ती शेणामुळं. हे मी आमच्याकडच्या बैठकांत सांगून थकलो होतो.

मग गोठा. निलगिरीच्या खांबांवर पत्रा, जमिनीपासून हातभर उंच, गव्हाण आणि गाईची बसायची जागा वेगळी. काळीपांढरी संकरित गाय, तिसऱ्या वेताची, शेजारी चार-पाच महिन्यांची कालवड, कपाळावर पांढरा टिळा. हात शिवशिवायला लागले. परवानगी घेऊन गाईच्या कानामागं, खाली, जबड्याच्या कोपऱ्याशी बोटं फिरवली. इथं गोचिडीपासून 'ईस्ट कोस्ट फीवर' होतो, आपल्याकडच्या थायलेरियाचा, म्हणजे गोचीडतापाचा, थोरला भाऊ, आणि त्यात आधी कानाखालच्या गाठी सुजतात. गाठी बारीक होत्या. खांद्यापुढच्याही बऱ्या. मावशीनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि भाच्याला काहीतरी म्हणाली. "म्हणतेय, आमच्या सेक्टरचा डॉक्टर पण आधी तिथंच हात लावतो." माझी परीक्षा चालली होती तर!

उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या जून ते ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत, वैरण कशी पुरवता, असं विचारून मी मुरघासावर, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवलेल्या हिरव्या वैरणीवर, बोलायला घसा साफ केला. तिनं घरामागं नेऊन मुरलेला खड्डा दाखवला आणि विचारलं, "तुमच्याकडं यात उसाची मळी घालतात का?" घालतात म्हटलं. किती? तेवढं सांगून मी गप्प बसलो.

आतून शाळेची वही आणली. तारीख, सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर. सात, सहा, आठ, एक दिवस तीन. "तीन का?" पोरीला ताप होता, गवत कमी पडलं. गाईला दिवसाला निदान 40 किलो हिरवं लागतं. ते कापून, डोक्यावर आणून, बारीक करून घालणारी माणसं म्हणजे मावशी आणि तिची मुलगी. योजनेच्या कागदात या मजुरीचा रकाना नसतो, आमच्याही नव्हता. सकाळचं दूध संकलन केंद्राला जातं, संध्याकाळचं घरात. संध्याकाळच्या आकड्यापुढं रोज एक छोटी रेघ होती. ती काय? शेजारच्या घरातल्या दोन लहान पोरांचं, त्याचे पैसे नाहीत. गुकामिरा.

ही गाय तिला 2019 मध्ये मिळाली, वासरू असताना. "कुणी दिली?" तिनं समोरच्या टेकडीवरच्या एका पत्र्याकडं हात केला. त्या घराला आणखी कुणाकडून मिळाली होती. मग पहिलं वेत, गोऱ्हा. दुसरं वेत, गोऱ्हाच. पहिल्याच्या पैशातून घरावर पत्रा आला, दुसऱ्याच्या पैशातून आरोग्यविम्याचे हप्ते आणि पोरीची फी. पण यादीतला पुढचा माणूस कालवडीची वाट बघत बसलेला. "गाव काय म्हणालं?"

"म्हणाले, हिची गाय चिकट आहे."

आता तिसऱ्या वेताला कालवड झाली. दूध तोडलं की पुढच्या महिन्यात ती खाली, ओढ्यापलीकडच्या घरात जाईल. कालवडीला ती स्वतः बारीक कापून कोवळं गवत घालत होती, गाईला मुलगी. वहीच्या मागच्या पानावर कालवडीच्या लसींच्या तारखाही लिहिलेल्या. जाणाऱ्या लेकीची तयारीच म्हणायची.

इथल्या लोकांची एक शपथ आहे, 'याम्पायिन्का', म्हणजे ज्यानं मला गाय दिली त्याची आण. ज्या घरांत गाईची देवाणघेवाण झाली त्यांनी एकमेकांचं वाईट चिंतायचं नसतं, असा जुना दंडक. समोरच्या टेकडीवरचे लोक तिच्याकडं लग्नकार्याला सगळ्यांच्या आधी येतात.

ओढ्यापलीकडच्या घराबद्दल ती काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरनं सांगितलं, मावशीचा नवरा आणि थोरला मुलगा 1994 मध्ये गेले. ओढ्यापलीकडचा म्हातारा त्याबद्दल बारा वर्षं तुरुंगात होता. मी विचारलं, मग त्याच घराला कालवड? मावशीनं ठरवलं?

"नाही. यादीत पुढचं नाव त्यांचं आहे."

पाचवा दिवस, शनिवार : उमुगांडा

महिन्याचा शेवटचा शनिवार. सकाळी आठ ते अकरा सगळा देश श्रमदान करतो, त्याला उमुगांडा म्हणतात, आणि तोवर रस्ते जवळजवळ बंद. म्हणून पुन्हा मावशीच्या गावाला जायला सहालाच किगाली सोडलं. रात्री विमान होतं, ही बॅग भरत राहिली, मी निघताना म्हणाली, "सुट्टीतही ड्युटीच."

काम कुठलं निघालं? ओढ्यापलीकडच्या घराचा गोठा. तीस-चाळीस माणसं, कुदळी, फावडी, पत्र्याचे चार ताव. मला पाहुणा म्हणून खुर्ची दिली, ती मी सोडली, मग एक खांब धरायला दिला. म्हातारा हडकुळा, डोक्यावर जुनी फेल्ट टोपी, खड्डा खणताना मान वर करत नव्हता. मावशी दोरी घेऊन उतार मोजत होती. शेणमूत वाहून जायचं तर किती ढाळ लागतो हे तिला माहीत, तिच्या गोठ्याचा तिनं स्वतः काढलेला. खड्ड्याशी येऊन तिनं दोरी आत सोडली, बघितलं.

"आणखी चार बोटं," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं कुदळ पुन्हा उचलली. दोघांत तेवढंच बोलणं झालेलं मी पाहिलं. मग तिनं जाऊन दुसऱ्या खांबाची दोरी ताणली.

काम संपल्यावर झाडाखाली सभा बसली. गावच्या प्रमुखानं माझी ओळख करून दिली : भारतातले गाईंचे डॉक्टर, 34 वर्षं नोकरी. टाळ्या झाल्या. मागून कुणीतरी विचारलं, मुझेहेंकडं स्वतःच्या गाई किती?

मी म्हटलं, एकही नाही.

ड्रायव्हरनं मला पुन्हा विचारून घेतलं, मगच सांगितलं. कुजबुज झाली. मग दूध कुठून येतं? पिशवीतून, म्हटलं. घरात जागा नाही, गवत नाही, मुलगा पुण्याला. त्याचं भाषांतर करायला त्याला बराच वेळ लागला, आणि ते पटलेलं कुणाच्याच तोंडावर दिसलं नाही.

तेवढ्यात मावशी काहीतरी बोलली आणि सगळी सभा हसली. म्हातारासुद्धा, टोपी नीट करत.

"काय म्हणाली?"

"म्हणतेय, यादीत नाव घालू यांचं. पण आधी गोठा बांधून दाखवा म्हणावं."